वळण लावलेला वेल

‘स्वीट पी’ या फुलाला मराठीत रूढ नाव नाही. शब्दशः पाहायला गेलं तर ‘गोड वाटाणा’ होतो, आणि तो शब्द भाजीवाल्याकडे मटाराला वापरतात. पुण्याच्या रोपवाटिकांत माळीसुद्धा ‘स्वीट पी’ असंच म्हणतात. म्हणून मीही आज तेच म्हणणार आहे. नावाचा हा गोंधळ आधीच काढायला हवा, कारण त्यात एक धोका दडलेला आहे. या वेलाला वाटाण्यासारख्याच शेंगा येतात, त्यात वाटाण्यासारखेच गोल दाणे असतात, आणि ते दाणे विषारी असतात. फूल तेवढं आपलं, दाणा आपला नाही, एवढं मनाशी पक्कं करूनच हा वेल दारात लावावा.

आमच्या महाड-पोलादपूर भागात शेंगेचा वेल म्हणजे अन्न. भात कापून झालं की त्याच ओलीवर कडवे वाल टाकायचे, आणि अंगणात मांडवावर वालपापडी चढवायची, ही इथली रीत. माझ्या कुंपणाशी उभ्या केलेल्या बांबूच्या काठ्या पाहून शेजारच्या एका मावशींनी विचारलं होतं, “भाई, शेंग खायची नाय, तर एवढा मांडव कशाला घातलाव?” प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो. हा वेल प्रदर्शनात मांडण्याइतका चांगला कसा वाढवायचा, आणि घाटाखालच्या आपल्या उकाड्यात तो वाढतो का, हे आपण क्रमाने पाहू.

या फुलाचं मूळ गाव इटलीतलं सिसिली बेट. तिथल्या फ्रांचेस्को कुपानी नावाच्या धर्मगुरूने १६९९ साली त्याचं बी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या एनफिल्ड इथे डॉ. रॉबर्ट युव्हडेल यांना पाठवलं. ते मूळ फूल लहानसं, तांबूस-जांभळ्या दोन रंगांचं, पण सुगंध असा की खोलीभर दरवळावा. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं ते तसंच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री एकफर्ड या माळ्याने श्रॉपशायरमधल्या वेम गावी निरनिराळ्या वाणांचा संकर करून फूल मोठं केलं आणि रंग वाढवले. १९०० साली बीजागमनाच्या द्विशताब्दीनिमित्त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठा समारंभ झाला आणि तिकडे स्वीट पीची राष्ट्रीय संस्था निघाली. त्याच सुमारास अल्थॉर्प इथे, म्हणजे पुढे राजकन्या डायनाचं माहेर म्हणून जगाला ठाऊक झालेल्या स्पेन्सर घराण्याच्या वाड्यात, सिलास कोल या मुख्य माळ्याला एका वेलावर लाटांसारख्या चुणीदार पाकळ्यांचं फूल दिसलं. ‘काउंटेस स्पेन्सर’ या नावाने १९०१ मध्ये ते प्रदर्शनात आलं. आज प्रदर्शनात मांडली जाणारी बहुतेक फुलं याच ‘स्पेन्सर’ जातीच्या वंशातली आहेत. आकार वाढला, चुणी आली, मात्र पुष्कळ वाणांत मूळचा सुगंध थोडा उणावला.

प्रदर्शनाचं वेड किती असावं? १९११ साली ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छाला एक हजार पौंडांचं बक्षीस लावलं. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. देशभरातून तीस हजारांवर गुच्छ आले. त्यांत जहागीरदारांच्या बागांतली फुलंही असणार. पहिलं बक्षीस मात्र स्कॉटलंडच्या केल्सोजवळील स्प्राउस्टन या खेडेगावातल्या धर्मोपदेशकाच्या पत्नीला, श्रीमती फ्रेझर यांना मिळालं. तिसरं पन्नास पौंडांचं बक्षीस त्यांच्या यजमानांना. गावच्या चर्चच्या बांधकामाचा काही भाग त्या पैशातून झाला. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते ती पैशासाठी नाही. परसातला माणूस मोठ्या बागांच्या पंगतीला बसू शकतो, एवढं ती सांगते. या फुलाला काचघर लागत नाही. लागतं ते रोजचं लक्ष.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात स्वीट पी हे थंडीतलं हंगामी फूल. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचं पुष्पप्रदर्शन साधारणपणे प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. मुंबईत राणीच्या बागेतही महापालिकेचं प्रदर्शन हिवाळ्यातच असतं. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस फूल हातात हवं. बी पेरल्यापासून लवकर फुलणाऱ्या वाणाला फुलावर यायला साधारण तीन महिने लागतात. उलट मोजत गेलं तर पेरणीचा मुहूर्त येतो ऑक्टोबरच्या मध्याला.

इथेच आपली पहिली अडचण उभी राहते. पुष्कळ हौशी लोक परदेशातून कुणाकडून तरी सुंदर चित्राचं पाकीट मागवतात, नेमाने पाणी घालतात, वेल माणसाच्या उंचीचा होतो, आणि कळी काही धरत नाही. बी खराब होतं, असा निष्कर्ष निघतो. खरं कारण दिवसाच्या लांबीत आहे.

वनस्पतीला दिवस किती तासांचा आहे हे कळतं. आपल्या वालाचंच पाहा. पावसाळ्यात लावलेला वालपापडीचा गावठी वेल श्रावण-भाद्रपदात पानंच पानं करतो. दिवस लहान झाले की मग तो फुलतो. तो दिवस आखडण्याची वाट पाहतो. स्वीट पी अगदी उलट. ते थंड मुलखातलं फूल, तिकडे वसंतात दिवस लांबत जातो तेव्हा फुलणारं. उन्हाळी स्पेन्सर जातीला कळी धरण्यासाठी बारा तासांच्या वर दिवस हवा असतो. आपल्या महाडात डिसेंबरात दिवस उरतो सुमारे अकरा तासांचा. तो बारा तासांवर जातो मार्चचा मध्य आला म्हणजे, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी २० मार्चला महाडात माणसांची रीघ लागते त्या सुमारास. तोवर ऊन असं तापलेलं असतं की वेल कळीऐवजी माना टाकतो.

उपाय सोपा आहे. लहान दिवसांतही फुलणारे वाण वेगळे तयार झालेले आहेत. त्यांना ‘लवकर फुलणारे’ किंवा ‘हिवाळी’ स्वीट पी म्हणतात. अमेरिकेत झ्वोलानेक नावाच्या बागाइतदाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर पुष्कळ काम केलं. या वाणांना दहा-अकरा तासांचा दिवस पुरतो. म्हणून बी घेताना चित्राकडे नंतर पाहा, पाकिटावर ‘विंटर फ्लॉवरिंग’ किंवा ‘अर्ली’ लिहिलेलं आहे का ते आधी पाहा. कोकणातल्या यशापयशाचा अर्धा भाग या एका गोष्टीवर ठरतो.

उरलेल्या अर्ध्यात थंडी येते. महाड शहरात जानेवारीतही दुपारी तिशीच्या वर पारा चढतो. स्वीट पीला हे फारसं मानवत नाही. पोलादपुरातून आंबेनळी घाट चढून चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर आहे, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीवर. तिथली हवा या फुलाला जास्त मानवणारी. पण घाटाखाली अगदीच निराश व्हायचं कारण नाही. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी दोननंतर भिंतीची किंवा झाडाची सावली पडेल अशी पूर्वेची जागा निवडावी. पोलादपूरच्या बाजूला डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रात्री जास्त गार होतात, तिथे फूल चांगलं येतं. मुळाशी वाळलेल्या गवताचं किंवा भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घातलं की जमीन थंड राहते.

आपली माती तांबडी, जांभ्याची, आंबट. स्वीट पीला आंबट माती आवडत नाही. म्हणून पाऊस ओसरू लागला की दीड-दोन फूट खोल चर खणावा. चौरस मीटरला दोन मुठी विरलेला चुना मातीत मिसळावा आणि दोनेक आठवडे जाऊ द्यावेत. मग चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा घालावा. चुना आणि शेणखत एकदम घालू नये, खतातलं नत्र हवेत उडून जातं. युरियाचा मोह तर टाळावाच. युरियाने पानं माजतात, कळ्या गळतात.

आणखी एक गंमत सांगतो. शेंगवर्गी झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, हे आपण शाळेत शिकलो. पण प्रत्येक कुळाचे जिवाणू वेगळे. वालाचे जिवाणू स्वीट पीच्या उपयोगाचे नाहीत. त्याचं गोत्र वाटाणा, मसूर, लाख यांचं. म्हणून ज्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या वालच झाला आहे तिथे वाटाण्यासाठीचं रायझोबियम खत बियाला चोळून घ्यावं.

ऑक्टोबरच्या मध्याला परतीचा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि उकाडाही असतो. उघड्या जमिनीत पेरलं तर बी कुजतं नाहीतर उंदीर उकरून नेतात. म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाच्या वीतभर उंच पुंगळ्या करून त्यांत माती भरावी. पुंगळी उंच हवी, कारण या रोपाचं मूळ सरळ खोल जातं. काळं टणक बी रात्रभर पाण्यात भिजवावं. जे फुगत नाही त्याच्या कवचाला, डोळ्याच्या विरुद्ध बाजूस, नखकापणीने बारीकसा टवका काढावा. ओसरीवर, पावसाच्या झडीपासून दूर, पुंगळ्या ठेवाव्यात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागदासकट चरात लावाव्यात. मूळ दुखावत नाही आणि कागद कुजून जातो.

आता ‘वळण’ लावण्याची पद्धत. रोपाला दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की दुसऱ्या जोडीच्या वर शेंडा खुडायचा. नवख्या माणसाला हे जिवावर येतं. पण बियातून आलेला पहिला कोंब बहुधा अशक्त असतो. तो खुडला की बुडाशी दोन-तीन नवे, दणकट फुटवे येतात. नुसती घरापुरती फुलं हवी असतील तर ते सगळे ठेवावेत, जाळीवर सोडावेत, वेल आपला आपण चढेल. प्रदर्शनासाठी मात्र त्यांतला सर्वांत जोमदार एकच फुटवा ठेवायचा आणि बाकीचे काढून टाकायचे. एक मूळ, एक खोड, एक काठी.

काठ्या आठ फुटांच्या, एका ओळीत, वीत-वीत अंतरावर रोवाव्यात आणि वर एका आडव्या बांबूला बांधून घ्याव्यात. वेल वाढेल तसा प्रत्येक पेराशी तो काठीला बांधायचा. केळीच्या सोपटाचा धागा यासाठी उत्तम, मऊ आणि फुकट. धागा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा, म्हणजे खोड काठीवर घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते.

यानंतर दर दोन-तीन दिवसांनी दोन कामं. एक, पानांच्या टोकाला येणारे तणावे कात्रीने काढणे. तणावा हा वेलाचा हात. तो शेजारच्या फुलाच्या दांड्याला धरतो आणि दांडा वाकडा करतो. आपण धाग्याने आधार दिल्यावर वेलाला त्या हाताची गरज उरत नाही. दुसरं, पानाच्या बगलेत येणारे फुटवे खुडणे. फुलाचा दांडाही त्याच बगलेतून येतो, म्हणून घाई करू नये. फुटव्याच्या टोकाला बारीक पानं दिसतात, दांड्याच्या टोकाला कळ्यांचा झुपका. ओळखू येईपर्यंत एक दिवस थांबलेलं बरं. सुरुवातीचे दांडे आखूड आणि दोन-तीन फुलांचेच असतात. वेल कंबरेच्या वर जाईपर्यंत तेही काढावेत. मग सगळा जोर पुढच्या दांड्यांत जातो आणि एका लांब सरळ दांड्यावर चार किंवा अधिक फुलं येतात.

थंड देशांत वेल काठीच्या टोकाला पोचला की तो सोडवतात, जमिनीवर आडवा निजवतात आणि चार-पाच काठ्या सोडून पुढच्या काठीवर पुन्हा चढवतात. तिकडचा हंगाम लांब, म्हणून हे उपद्व्याप परवडतात. आपल्याकडे वेल टोकाला जाईतो फेब्रुवारीचं ऊन लागायला लागतं. आपल्याला एकच चढण मिळते. तीच नीट साधायची.

पाणी सकाळी, मुळाशी, ओल राहील इतपत. चिखल नको. मावा दिसला तर निंबोळी अर्क किंवा साबणाचं सौम्य पाणी फवारावं. माव्यातून विषाणुरोग पसरतो, म्हणून हयगय करू नये. पानांवर पांढरी भुरी आली तर दाटी कमी करावी, संध्याकाळी पानं भिजवू नयेत. दिवसा ऊन, रात्री एकदम गारठा असं झालं की थोड्या कळ्या गळतात. तो हवामानाचा हिशेब, त्यावर औषध नाही.

परीक्षक काय पाहतात? दांडा लांब आणि सरळ, त्याच्यावरची फुलं सारख्या अंतरावर आणि एकाच बाजूला तोंड केलेली, सर्वांत वरचं फूल नुकतंच उमललेलं आणि खालचं अजून टवटवीत, पाकळीवर डाग नाही, आणि फुलदाणीतले सगळे दांडे एकमेकांची भावंडं शोभावीत असे. एकच अप्रतिम दांडा आणि चार साधारण, यापेक्षा पाच सारखे चांगले दांडे वरचढ ठरतात. किती दांडे मांडायचे, हे त्या त्या प्रदर्शनाच्या नियमपत्रकात असतं. ते आधी वाचावं.

फुलं पहाटे कापावीत. गळ्यापर्यंत पाण्यात, अंधाऱ्या गार खोलीत तीन-चार तास ठेवावीत. पाकळ्यांवर पाणी शिंपडू नये, डाग पडतात. महाडहून पुण्याला वरंध किंवा ताम्हिणी घाट चढून न्यायची तर त्या गाडीत पिकलेली केळी, चिकू, पेरू ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि स्वीट पी त्याने फार लवकर कोमेजतं.

या फुलाने विज्ञानालाही एक मोठा धडा दिला. १९०५च्या सुमारास केंब्रिजला बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी स्वीट पीच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला. संतती निघाली जांभळी! पांढऱ्यातून जांभळा आला कुठून? आपल्या विड्याचं उदाहरण घ्या. नुसत्या चुन्याने तोंड रंगत नाही, नुसत्या काताने खुलत नाही. दोन्ही एकत्र आले की लाल. तसे रंगासाठी दोन घटक लागतात. एका पांढऱ्याकडे एक होता, दुसऱ्याकडे दुसरा. जांभळ्यांची पुढची पिढी काढली तेव्हा सोळांत नऊ जांभळी आणि सात पांढरी, असं प्रमाण आलं. रंगावरून वंशाचा अंदाज बांधणाऱ्या माणसाने हे गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फुलं उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन होत असल्यामुळे बी बहुधा आईवर जातं. म्हणजे दर वर्षी पाकीट विकत घ्यायची गरज नाही. मात्र बी धरलं की वेल फुलणं थांबवतो. त्याचं काम झालेलं असतं. म्हणून हंगामभर फुलं तोडत राहावं, वाळलेलं एकही वेलावर ठेवू नये. शेवटी, फेब्रुवारीच्या अखेरीस, दोनच वेल बियासाठी राखावेत.

आणि इथे पुन्हा सुरुवातीचा इशारा. विदर्भात लाखेच्या डाळीने पाय लुळे पडण्याचा रोग पुष्कळांना ठाऊक असेल. स्वीट पी त्याच लाखेच्या कुळातलं. याच्या दाण्यातलं विष वेगळं, ते हाडं आणि सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींवर घाला घालतं, पण खाण्याजोगं दोन्ही नाही. आमच्याकडे मुलं शेतातून जाता जाता वालाची कोवळी शेंग तोडून तोंडात टाकतात. त्यांना हा वेल दाखवून, नाव सांगून, ‘ही शेंग खायची नाही’ हे बजावलंच पाहिजे. राखलेल्या बियांच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विषारी’ असं लिहावं, आणि ती बाटली वालाच्या डब्याशेजारी कधीही ठेवू नये.

शेजारच्या मावशींना मी इतकंच सांगितलं की, हा मांडव चार महिने नाकासाठी आणि आठ महिने पोटासाठी. मार्चमध्ये वेल जमिनीलगत कापायचा, मुळं मातीतच राहू द्यायची, त्यांच्यातलं नत्र पुढच्या पिकाला मिळतं. काठ्या जागच्या जागी ठेवायच्या. मृगाचा पाऊस झाला की त्यांच्यावर काकडी चढते, पडवळ चढतं. मावशींनी या वर्षी माझ्याकडून सहा बिया नेल्या आहेत. विषाचं सगळं ऐकून घेऊन त्या पदराच्या गाठीत नाही, तर कागदाच्या पुडीत बांधून नेल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)